उजवा गुडघा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, बायकोलाही सांगितली नाही. तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा मेहुणा. त्याच्याइतका गाण्यासाठी जगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही, आणि त्याचं गाणं मी बुडवलं.

बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची हयात गेली, पण त्याचं स्वतःचं घड्याळ रागांवर चालायचं. उन्हं वर आल्यावर कुणी भैरव लावला, तर शिळा भात वाढल्यासारखं तोंड करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं दक्षिणेकडच्या गाण्याच्या गावांची यात्रा आखायला घेतली. आधी मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची गल्ली, मग बेळगाव, धारवाड, कुंदगोळ, गदग. अट एकच होती. प्रत्येक गावासाठी त्यानं एक राग ठरवला होता आणि त्या रागाच्या वेळेलाच तिथं उतरायचं होतं. धारवाडला सकाळची तोडी, कुंदगोळला सूर्यास्ताचा मारवा. सगळी वेळापत्रकं पाठ असलेल्या या माणसाला दोन वर्षं एकही बस पसंत पडली नाही. एक गाडी धारवाडला दुपारी दोनला पोचत होती. ती सुचवली, तर म्हणाला, "तवर तोडी उठून गेलेली असतीया, दाजी. कुणाला भेटायचं?"

बरोबर मी हवाच होतो. दाजींसारखा कान दुसऱ्या कुणाला नाही, असं तो चारचौघांत सांगे. खरं तर मला गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मैफलीत मांडीवर ताल धरणारा त्याचा अंगठा थांबला की मी "वा" म्हणायचो, एवढीच माझी तीस वर्षांची साधना. शेवटी बस जुळल्या. धारवाडच्या एका वृद्ध गवईबुवांनी आमच्यासाठी घरी गायचं कबूल केलं.

"तुमच्याबद्दल सांगितलंय त्यास्नी," तो म्हणाला. "तुम्ही म्होरं बसून दाद द्यायची, मी मागं बसतो. आणि दाजी, माझा डावा कान गेलाय. उजवा हाय तवर जाऊन येऊया."

मागे बसलेल्याचा अंगठा मला दिसणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी उजवा गुडघा धरून बसलो आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, असं सांगितलं.

त्यानं यात्राच रद्द केली. एकटा जा म्हटलं, तर दाजींबिगर कसलं गाणं, म्हणाला. उलट दर गुरुवारी घरी काढलेलं निर्गुंडीचं तेल घेऊन यायचा आणि खाली बसून माझा गुडघा चोळायचा. एकदा मी चुकून डावा पाय पुढे केला. तो क्षणभर बघत राहिला, मग त्यालाही तेल लावत म्हणाला, "ह्याच्यावर भार आला आसंल की."

वर्षभरात त्याचा उजवा कानही गेला. आता त्याच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. परवा मी ठरवून गेलो. पाटी घेतली, 'माझा गुडघा' एवढं लिहिलं आणि 'दुखतच नव्हता' लिहिणार, तोवर त्यानं वाचलं.

"अजून दुखतोय व्हय?" म्हणत तो भिंतीला धरून उठला आणि तेलाची बाटली आणायला आत गेला.

पाटी माझ्या हातात होती, खडूही होता. तो येईपर्यंत वाक्य पुरं झालं असतं. मी लिहिलेलं तळहातानं पुसलं आणि नीट आठवून उजवा पाय पुढे केला.