मंतरलेले तांदूळ

खांडबाऱ्याजवळच्या डोंगरपाड्यातली एस्तेर गावित अकरावी सायन्सला सपाटीवरच्या गावात शिकायला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, अवघड जाईल ते फिजिक्स. फिजिक्स बिचारं गरीब निघालं. अवघड निघाला तो वर्ग. खडू संपले, एस्तेरने नेले. नळ वाहता राहिला, एस्तेरच शेवटी गेली होती. सगळा वर्ग अहिराणीत हसायचा, आणि घरी मावची बोलणारी ही पोरगी उत्तर जुळवेपर्यंत दुसरा आळ तयार असायचा. चिडायची तीही, पण रात्री उशीत तोंड खुपसून.

मग रुचिकाचं सोन्याचं कानातलं हरवलं.

रुचिका म्हणजे वर्गातली पुढारीण, बड्या शेतकऱ्याची लेक. वर्गशिक्षक अमृत सरांनी चौकशी केली म्हणजे काय, तर एकट्या एस्तेरची बॅग बाकावर उपडी केली. काही मिळालं नाही. तरी जाताना म्हणाले, "उद्यापर्यंत वस्तू परत आली नाही, तर वडिलांना बोलावून दाखला हातात देईन." दाखला मिळाला की वसतिगृह सुटलं, आणि वसतिगृह सुटलं की शिक्षण संपलं, पाड्यावरून रोज येण्याजोगी गाडी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण संन्याशामागे निदान रडणारं कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगे बाहेर गेल्यावर रुचिकाने वर्गाचं दार लावलं आणि रुमालाची गाठ सोडली.

"मन्ही आजीनी मंतरेल तांदूय शेतस," ती म्हणाली. "ज्यानी चोरी करी व्हई, त्याना तोंडमा त्या कोरडाच ऱ्हातस."

मुलींनी एकेक करून चिमूटभर तांदूळ चावले आणि कागदावर थुंकले. सगळ्यांचे ओले. का नसणार? त्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता. एस्तेरला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. भीतीने माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मंतरणाऱ्या आजीबाईंना तर ते फारच चांगलं ठाऊक असतं.

तांदूळ तिच्या जिभेवर वाळूसारखे फिरू लागले. तिने चिंच आठवली, मीठ लावलेली कैरी आठवली. थेंब सुटेना.

"थुक ना आते," रुचिका म्हणाली.

कोरडे निघाले तर दाखला. एस्तेरने गालाचं आतलं मांस दाढेखाली धरलं आणि डोळे मिटून करकचून चावलं. तोंड ओलं झालं. सुटले एकदाची, असं वाटून ती कागदावर थुंकली.

तांदूळ ओले होते. आणि लालभडक होते.

कुणी हसलं नाही. रुचिका मागे सरकताना बाकावर आपटली.

"ओ माय, ही ते डाकीन शे!"

दार उघडून पोरी पळत सुटल्या.

कानातलं त्याच संध्याकाळी रुचिकाच्या ओढणीच्या जाळीत अडकलेलं सापडलं. अमृत सर "बरं झालं" म्हणाले आणि दाखल्याचा विषय मिटला. माफी मागणं वगैरे आपल्याकडे मोठ्यांच्या अभ्यासक्रमात नसतं. एस्तेरचं नाव हजेरीत राहिलं. पण तिच्या बाकावर कुणी बसेना, तिने भरलेल्या हंड्यातलं पाणी कुणी पिईना. चोर म्हणवून घेणं परवडलं असतं. तिच्या पाड्यावर एका म्हातारीला डाकीण हे नाव पडलं होतं. पोरं आजारी पडली, तेव्हा लोकांनी तिला घरातून ओढून काढलं होतं. एस्तेरने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि त्याच आठवड्यात रुचिका तापाने फणफणली.

वसतिगृहातल्या मुली एस्तेरकडे बघत कुजबुजू लागल्या. ती भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. जिने तिच्या जिवाची ही दशा केली, तिच्यासाठीच ती थरथरत, रडत, मनापासून मागत राहिली, "येशूबापा, रुचिकाचा ताप उतरू दे."