साऱ्यांच्या ताटात लिंबू

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात अर्धं लिंबू होतं. भाचा पलीकडून रडत सांगत होता आणि मी ऐकता ऐकता ते मुठीत पिळत राहिलो. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला... पवनीतल्या आमच्या गल्लीतून तिच्या घरी पोचलो, तर माझ्याच अंगाला तिच्या स्वयंपाकघराचा वास येत होता.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला शिकवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी होतो. त्यात माझी मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली आणि तपासणीत रक्त कमी निघालं. बाईने पिशवीभर लिंबं आणली आणि लिंबाने रक्त वाढतं असं जाहीर केलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी तिला शांतपणे समजावलं : लिंबात लोह नावालाच असतं, पण त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही. बाई आयुष्यात कुणापुढे हरली नव्हती. घरी येईस्तोवर हे सगळं तिचंच मत झालं होतं, आणि चहाबंदी मलाही लागू झाली होती. बाळंत मी होणार नाही, हा माझा मुद्दा तिने ऐकूनच घेतला नाही.

मग मी हुशारी केली. रोज कोण पिळत बसणार, म्हणून उकळत्या वरणात लिंबं सालीसकट टाकून दिली. चांगला अर्क उतरेल असा माझा अंदाज. वरण इतकं कडू झालं, की दारातल्या कुत्र्यानेही माझ्याकडे एकदा पाहून तोंड फिरवलं. बाई पातेल्यात वाकली. "काहून रे, पोरीले जेवू घालून राहिला का सजा देऊन राहिला? उकळीत त्यातलं सत्त्व मरते. आधी गॅस बंद कर, ताट वाढ, मंग पीळ."

एका दुपारी लाखोरीच्या पालेभाजीचं ताट सारून प्रणाली उठली. सगळे जेवतात, मीच तेवढी रोगी, म्हणाली. बाईने लिंबू चिरलं, अर्धं प्रणालीच्या ताटात ठेवलं, अर्धं माझ्या. आंबटाने माझे दात शिवशिवतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मी कुरकुरलो, तर हळूच म्हणाली, "एकटीच्या ताटात ठेवलं तर दवाई होते, बाबू. साऱ्यांच्या ताटात ठेवलं का जेवण होते." प्रणाली परत बसली.

बाई झोपेतच गेली. त्यालाही आता काही आठवडे झाले. परवा प्रणालीची तपासणी झाली. रक्त वाढलंय, पण अजून थोडं हवं, आणि दिवस भरत आलेत. ते थोडं मी वाढवणारच. परवाच्या त्या दुपारीही तिने भाजीकडे पाहून मान फिरवली. मी गॅस बंद केला. दोन ताटं वाढली. लिंबू चिरून अर्धं तिच्या ताटात ठेवलं, अर्धं माझ्या. ती भाजीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती... मी पिळलं, घास घेतला आणि तोंड जराही वाकडं होऊ दिलं नाही.

तिने ताट पुढे ओढलं.