बारा सूत

कोपऱ्यातला वरचा ड्रॉवर वीतभर बाहेर आला आणि टक् करून थांबला. नंदिनीताईंनी तो आत ढकलून पुन्हा ओढला. पुन्हा टक्.

"बघा काका, तुम्हीच बघा. चमचा काढायचा तर मला त्या फटीत बोटं घालून मासे पकडल्यासारखं करावं लागतं."

मनीषनगरातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात नानाजी सुतार गुडघ्यावर बसला. कोपऱ्याचा ड्रॉवर बाहेर येताना काटकोनात आलेल्या शेजारच्या रांगेतल्या ड्रॉवरच्या हँडलवर आपटत होता. पितळेचं चांगलं जाडजूड हँडल. ताईंनी हौसेनं मागवलेलं. ते यायला तीन आठवडे लागले, म्हणून सगळं काम झाल्यावर सर्वात शेवटी बसवलं. त्या दिवशी नानाजी दुसऱ्या साइटवर होता. हँडलं सुमंतनं लावली आणि ताईंनी संध्याकाळी पहिल्यांदा ड्रॉवर ओढला तेव्हा हे असं.

खालचे दोन ड्रॉवरही तसेच. तिन्ही वीतभरच.

नानाजीनं हँडलची उंची मापली. दहा सूत. इंचाचे आठ सूत, म्हणजे सव्वा इंच. दुकानदारानं फोटोसोबत पाठवलेलं माप हेच होतं, त्यात काही फरक नव्हता. मग त्यानं कोपऱ्यातल्या कोऱ्या पट्टीला टेप लावला.

दोन रांगा कोपऱ्यात भेटतात तिथं एक कोरी पट्टी सोडावी लागते. तिचा दिसायला काही उपयोग नाही. फक्त या रांगेच्या ड्रॉवरनं त्या रांगेच्या हँडलपासून लांब राहावं म्हणून ती असते. हँडल दहा सूत तर पट्टी बारा. दोन सूत मोकळी जागा. एकतीस वर्षं नानाजी हेच करत आला होता, आणि हा हिशेब त्याला करावा लागत नसे, हातच करायचे.

टेपवर पट्टी चार सुतांनाही जरा कमीच भरली.

त्यानं टेप सोडला. तो सर्रकन आत गेला. पुन्हा लावला. तेवढंच.

"चूक कशी काय झाली पण?" ताईंनी विचारलं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. रागावल्या तरी आवाज वर्गातल्यासारखा सरळ.

"पाहतो ताई. दोन दिवसात करून देतो."

"ते द्यालच हो. पण झाली कशी?"

नानाजीनं टेप पुन्हा एकदा पट्टीला लावला. मागून सुमंत हसत म्हणाला, "म्हातारा झाला ताई आमचा नानाजी. डोकं चालत नाही आता त्याचं."

सुमंत वीस वर्षांचा जोडीदार. चॅनल, बिजागऱ्या, हँडलं हे त्याचं काम. आणि बोलणं हेही. रोज शंभर गोष्टी बोलायचा आणि नानाजी त्यातल्या नव्वद कानाआड करायचा. आज मात्र तो गर्रकन वळला.

"तोंड सांभाळ गा सुमंत!"

सुमंतच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

नानाजीचा थोरला भाऊ देवराव. तोही सुतार, आणि नानाजीला रंधा धरायला शिकवणारा तोच. त्याच्या डोक्यातून गोष्टी निसटायची सुरुवात एका दारापासून झाली होती. कामठीत एका घरी त्यानं न्हाणीचं दार केलं आणि कडी बाहेरून लावली. फक्त बाहेरून. आठवडाभर सगळी गल्ली हसली. देवरावही हसला. "अंघोळ करणाऱ्याले कोंडून ठेवाचं होतं मले," म्हणाला. नानाजीनंही चहाच्या टपरीवर तो किस्सा दहा जणांना सांगितला होता.

पुढच्या वर्षी देवराव खिडकीचं माप घ्यायला गेला आणि टेप हातात धरून विचारत राहिला, हे कायचं आहे म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी कामठी रोडवर शेअर ऑटोवाल्याला म्हणाला, "मले माह्या घरी सोड." ऑटोवाल्यानं विचारलं, कोणचं घर? देवराव रडायला लागला. शेवटी शेवटी तुळसाबाईला, स्वतःच्या बायकोला, तो ताई म्हणायचा. अंघोळ नानाजी घालायचा. पाणी अंगावर पडलं की देवराव त्याच्याकडे बघायचा, आणि त्या बघण्यात ओळख नसायची, फक्त भीती असायची, की हा कोण माणूस आपल्याला पाण्यात घालतो आहे.

तुळसाबाई थकली तेव्हा नानाजीची बायको इंदूबाई तिच्या जोडीला उभी राहिली. चादरी धुतल्या, भरवलं, रस्त्यातून शोधून आणलं. देवराव गेला त्या दिवशी स्मशानातून परतलेल्या नानाजीच्या पायावर पाणी ओतता ओतता ती म्हणाली होती, "सुटले बिचारे. आता अजून एकाचं असं नाही होणार माह्यानं." ती सहज बोलली होती. नानाजीच्या काळजात ते रुतून बसलं.

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून नानाजी स्वतःवर पाळत ठेवून होता. चष्मा कुठं ठेवला हे आठवलं नाही की तो मिळेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावत नसे. एकदा गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. ती त्यानं ठेवली की नातवानं, हे त्यानं घरात विचारलंच नाही. उत्तर नको होतं. रोज सकाळी कामठीहून मोटारसायकलवर निघताना तो चौकांची नावं येण्याआधी मनात म्हणायचा. ऑटोमोटिव्ह चौक, इंदोरा, कडबी चौक, एलआयसी, व्हरायटी. सगळी बरोबर आली की तो दिवस चांगला. इंदूबाईला वाटायचं नवरा हेल्मेटात देवाचं नाव घेतो.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. ऑटोमोटिव्ह चौक. इंदोरा. आणि मग पुढचं नाव आलंच नाही.

रस्ता समोर होता. डावीकडचं टायरचं दुकान, मेट्रोचे खांब, सगळं ओळखीचं. नावच नाही. त्यानं गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं. घाम कानामागून ओघळत होता. मागून बसवाला हॉर्न देत गेला. नानाजी मनात एकेक अक्षर लावून बघत राहिला, क, ख, ग, आणि 'क'वर परत आल्यावर कडबी चौक सापडला. तोवर किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. गाडी सुरू करताना पाय दोनदा किकवरून निसटला.

मनीषनगरला पोचल्यावर जिन्यातच त्यानं हिंगणा रोडवरच्या प्लाय कापायच्या दुकानात फोन लावला. तिथं आता सगळं मशीनवर. माप सांगा, कॉम्प्युटरवर टाकतात, कापून गाडीनं पाठवतात. मशीनवर वैभवी नावाची मुलगी बसते.

"पोरी, मनीषनगरच्या कामाची कोपऱ्याची पट्टी तू कितीची कापली?"

"थांबा काका, बघते." मागं मशीनचा कर्कश आवाज. "बारा एमएम."

"बारा काय?"

"एमएम. तुम्हीच तर पाठवलं होतं व्हॉट्सॲपवर. ऐकवू?" आणि तिनं ऐकवलं. नानाजीचा स्वतःचा आवाज, मागं रस्त्याची गडबड: "पोरी, बाकी माप कागदावर आहे. कोपऱ्याची पट्टी बारा ठेवजो."

"अवं, बारा म्हणजे बारा सूत! दीड इंच!"

"काका, सूत आमच्याकडे कोणी नाही टाकत. मशीनले सूत समजतच नाही."

नानाजी जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसला. हसताना त्याचे खांदे हलले. कागदावरची बाकी सगळी मापं नकाशा काढणाऱ्या इंजिनिअर साहेबानं एमएममध्ये लिहिलेली होती; ही एकच राहिली म्हणून त्यानं तोंडी सांगितली. तो मेसेज त्याला आठवत होता. अजनीजवळ थांबून पाठवला होता, हातात पोह्याची प्लेट होती. सगळं आठवत होतं. चूक बोलण्याची होती, डोक्याची नव्हती.

वर जाऊन त्यानं सुमंतला सांगितलं. सुमंतनं कपाळ बडवून घेतलं. "बारा म्हटलं तर बारा देल्ले तिनं! अन् तू काल माह्यावर वाघासारखा धावला."

"मग? म्हातारा म्हणते का मले?"

"तर काय जवान म्हणू?"

नंदिनीताईंनाही गंमत वाटली. "म्हणजे तुमचे बारा आणि तिचे बारा वेगळे," त्या म्हणाल्या, आणि न मागता चहा टाकला. नानाजीनं तो उभ्याउभ्याच प्यायला. किती दिवसांनी चहाची चव लागली होती.

उपाय सरळ होता. हँडल बदलायचं नाही, ताईंना तेच हवं होतं. वरचा ग्रॅनाइट हलवायचा नाही. फक्त कोपऱ्याच्या तीन ड्रॉवरचा डबा बाहेर काढून इंचभर अरुंद करायचा आणि ती जागा पट्टीला द्यायची. ड्रॉवर थोडे बारीक होतील, पण पूर्ण उघडतील.

खालची फळी काढून दोघांनी डबा सरकवला. नानाजी आत वाकला आणि जुनी पट्टी सोडवायला लागला. चार स्क्रू. वर दोन, खाली दोन, जरा तिरपे. तिरपे स्क्रू तोच मारतो, सुमंत सरळ मारतो. पट्टी ही आपणच बसवली, एवढं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यात काही विशेष नव्हतं. घाईत बसवली असेल.

पट्टी निघाली. त्यानं ती उलटी केली.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं: कोपरा, १२ सूत.

अक्षर त्याचंच. 'सू'ची शेपटी लांब ओढायची सवय त्याचीच. दुकानातून माल आला की प्रत्येक तुकड्याला आधी टेप लावायचा, मग पेन्सिलीनं लिहायचं, मगच बसवायचं. देवरावनं लावलेली शिस्त. म्हणजे ही बोटभर रुंदीची पट्टी नानाजीनं हातात धरली होती. टेप लावला होता. आणि त्या बोटभर लाकडावर बारा सूत, म्हणजे दीड इंच, असं लिहून ती बसवली होती.

त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. तो दिवस आठवत नव्हता. पट्टी आठवत नव्हती.

"काय झालं गा?" सुमंतनं विचारलं.

नानाजीनं पट्टी त्याच्या हातात दिली. सुमंतनं वाचलं. उलटसुलट करून पाहिलं. हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"टेपची खालची बाजू वाचली असन तू," तो म्हणाला. "तिकडे एमएमच्या बारीक रेघा राहतात. मोजल्या, बारा भरल्या, बारा लिवलं."

"एकतीस वर्षात मी कधी खालची बाजू वाचली का?"

"एखाद वेळेस होते न बाप्पा."

"अन् हातात धरून नाही समजलं? चार सूत अन् बारा सूत? आंधळ्यालेही समजते, सुमंत."

सुमंत गप्प बसतो हेच नानाजीनं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सुमंतला कालचं आपलं बोलणं टोचत असावं. पट्टी गुडघ्यावर ठेवून तो तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "देवरावदादाचं... त्याच्यावरून भिऊन राहिला का तू?"

नानाजीनं मान डोलावली.

"घरी सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

"तिनं त्याचं सारं केलं. आता माहं कोणत्या तोंडानं सांगू?"

शेजारच्या खोलीत ताई फोनवर कोणाला तरी पुस्तकाचं नाव सांगत होत्या. डब्याच्या रिकाम्या जागेत भिंतीचं सिमेंट दिसत होतं. नानाजी तिकडे बघत बसला. सकाळी रस्त्यावर गेलेला तो वेळ आठवला आणि त्याला कळलं, की आणखी एक सकाळ हे एकट्यानं घेऊन त्याला निघता येणार नाही. त्यानं खिशातून फोन काढला. इंदूबाईचं नाव दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.

"हां, बोला. डबा विसरले का?"

"नाही वं. डबा आहे." तो थांबला. "इंदू, मले दवाखान्यात दाखवा लागते. डोक्याच्या डॉक्टरले."

"काहून, पडले का कुठी?"

"पडलो नाही. मले आठवून नाही राहिलं काही काही. देवरावसारखं." पुढचं एका दमात बाहेर आलं. "मले लय भेव लागून राहिलं वं."

पलीकडे भांड्याचा आवाज होत होता तो थांबला. नानाजीनं फोन कानाला घट्ट दाबून धरला. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, एवढंच.

"गाडी चालवू नका," इंदूबाई म्हणाली. आवाज जड होता, पण तुटला नाही. "मी ऑटो करून येऊन राहिली. तिथंच बसा. पत्ता कोणता? सुमंतभाऊले द्या फोन, ते सांगतील."

सुमंतनं हात पुढं केला. नानाजीनं फोन दिला नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून त्यानं पत्ता सांगितला. आधी रेल्वे फाटक, मग उजवा हात, मेडिकल स्टोअरची गल्ली, बिल्डिंगचं नाव, चौथा मजला, चारशे दोन. प्रत्येक गोष्ट सांगून तो थांबत होता, पलीकडून हुंकार आला की पुढची.

फोन ठेवला. मग सुमंतकडे वळून त्यानं अगदी हळू विचारलं, "बरोबर सांगितला न गा?"