पप्पांबद्दल दोन शब्द

पप्पा गेले त्या दुपारी माझा मोबाईल थांबेचना. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात. पांढरं कमळ, मेणबत्ती, पुन्हा जोडलेले हात. ज्यांना पप्पांचं नावही धड माहीत नव्हतं त्यांनी "एक हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं" असं पाठवलं. हसतमुख? माझे पप्पा? चाळीतली पोरं त्यांना येताना बघून चेंडू टाकून पळायची.

मी पत्रकं लिहिते. डोंबिवलीत एमआयडीसीच्या वासाविरुद्ध, नाल्यात सोडलेल्या रंगीत पाण्याविरुद्ध आमची एक छोटी संघटना आहे. तिची पत्रकं मीच लिहिते आणि मीच दारोदार वाटते. त्यामुळे छापील दुःख मला लांबून ओळखू येतं. पण त्या दिवसांत रागापेक्षा भीती जास्त होती. पप्पांचं आता काय उरणार? लोक बोलतील तेवढंच. आणि सगळे दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलत होते.

पहिला फोन आमच्या सरांचा. संघटनेचे जुने कार्यकर्ते, मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. हळहळ खरी होती त्यांची. मग म्हणाले, "एक पोस्ट करू या. केमिकल कंपनीत आयुष्य गेलं त्यांचं. प्रदूषणाचा आणखी एक बळी. तू लिहितेस की मी लिहू?"

"सर, हार्ट अटॅक होता. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत."

"डॉक्टर म्हणणार आहेत का कधी?"

"मग आपण कसं म्हणायचं?"

"अगं, दिवसाला हजार गोष्टी येतात लोकांसमोर. साधं लिहिलं तर मोबाईलवर बोट थांबत नाही कुणाचं."

"नाही थांबलं तर नाही. माझा बाप आहे तो, सर."

पोस्ट त्यांनी केली नाही. पण पप्पांच्या जलदान विधीला आले तेव्हा माझ्याशी बोललेही नाहीत.

कंपनीने पप्पांचं काय घेतलं ते मला चांगलं माहीत होतं. वास घेतला. मी शाळेत असल्यापासून त्यांना कशाचा म्हणजे कशाचा वास येत नव्हता. सकाळी दुधाचं पातेलं माझ्या नाकाखाली धरायचे आणि म्हणायचे, "हुंग." मी "चांगलंय" म्हटलं की मग चहा. मटण असो की पिठलं, मीठ-तिखटाच्या पुढे त्यांना काही कळायचं नाही, म्हणून ताटावर चिडायचे. शर्ट धुतलेला की घामेजलेला हे आईला विचारून घालायचे. विचारायची लाज वाटायची, म्हणून ओरडून विचारायचे. चिडका माणूस, असं सगळी चाळ म्हणायची. हे एवढंच मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

जलदान विधी आमच्या गल्लीतल्या विहारात झाला. फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, त्रिशरण-पंचशील. मग आदरांजलीची भाषणं. आमच्यात हे असतंच, पानं मांडायच्या आधी चार माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात. माझा आतेभाऊ खडवलीहून आलेला. ठाण्याला ऑफिसात आहे, गोड बोलतो, पप्पांवर जीवही होता त्याचा. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि वाचायला लागला.

"मामा म्हणजे वटवृक्ष. मामा म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. दिवसभराचे कष्ट विसरून संध्याकाळी ते मामींना पुस्तक वाचून दाखवत, आणि त्या छोट्याशा घरात ज्ञानाचा दिवा पेटत असे."

विहारात हुंदके ऐकू यायला लागले. आई पदर तोंडाला लावून रडत होती.

तो खाली बसला तसं मी त्याला बाजूला घेतलं. "कुठून आणलंस हे?"

"मोबाईलला सांगितलं. मामा वारले, कंपनीत होते, बौद्ध कुटुंब, भावनिक पाहिजे. लगेच लिहून देतो."

"पप्पा कधी वाचायचे रे? माझं पत्रक दिलं तर चपलांच्या फळीवर अंथरायचे."

"अगं पण लोक रडले ना?"

"रडले. कुणासाठी?"

"तू ना, मयतातपण मोर्चा काढशील."

मग कुटुंबातर्फे दोन शब्द म्हणून मला उभं केलं. तोंड उघडलं तर माझ्याही जिभेवर आधी तेच आलं, "आज आपल्यात..." इतके दिवस मोबाईलवर डोळ्यांसमोरून जे वाहत होतं ते माझ्यातही मुरलं होतं. मी थांबले. मग म्हटलं, "माझ्या पप्पांना वास येत नव्हता."

कुणीतरी खोकलं. मी दुधाचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं. मागून कुणी फिसकन हसलं, बाकीच्यांनी वळून डोळे वटारले. सर मोबाईलमध्ये बघत होते. "ते रागीट नव्हते," मी म्हटलं, "त्यांना विचारायची लाज वाटायची." कुणी रडलं नाही. मी बसले आणि सतरंज्या सरकवायचा आवाज सुरू झाला.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "चार माणसांत बापाचं व्यंग काढलंस."

आतेभावाचं भाषण कुणीतरी रेकॉर्ड केलेलं. त्याच संध्याकाळी ते कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांकडे पोचलं. माझं कुणी केलं नव्हतं. आई तो व्हिडिओ दुपारी जेवण झाल्यावर लावते, कधी परत संध्याकाळी. मी काही म्हणत नव्हते. रडायला तिला काहीतरी लागणारच.

परवा शेजारच्या काकू आलेल्या. आई त्यांना सांगत होती, "हे ना, संध्याकाळी मला पुस्तक वाचून दाखवायचे." सांगताना चेहरा उजळला होता तिचा. आतेभावाचा सूरसुद्धा तसाच्या तसा.

काकू गेल्यावर मी म्हटलं, "आई, पप्पांनी तुला कधी पुस्तक वाचून दाखवलं?"

"दाखवायचे."

"आई."

"तुला काय माहीत? संध्याकाळची तू असायचीस का घरी? तू तुझ्या सभेला."

हे मात्र खरं होतं. सभेला असायचे, त्याची मला लाज नाही. पण त्या वेळी घरात हीच दोघं असायची. त्यांतलं एक गेलं, आणि उरलेल्या माणसाशी मी कशाच्या जोरावर वाद घालणार?

तरी तोंडातून गेलंच. "कुठलं पुस्तक गं? सांग ना."

भांडायला नव्हतं विचारलं. खरं असतं तर मला हवंच होतं ते.

आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. निवडलेली काडी तिने परत जुडीत टाकली. चेहऱ्यावरचं मघाचं सगळं हळूहळू उतरत गेलं, आणि मला वाटलं, विचारायला नको होतं.

"आठवेल," ती म्हणाली, आणि हात पुसून मोबाईल शोधायला लागली.