नातीचं माप

मी लष्करात शिंपी होतो. जवानांच्या वर्द्या शिवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे दिल्लीत, द्वारकेला राहायला आलो.

नात अकरा वर्षांची असताना तिच्या नृत्यवर्गाने मुलांचा बॅले बसवला. पाणथळीतल्या पक्ष्यांची गोष्ट होती आणि नात पुढच्या ओळीत होती. वर्गाच्या बाईंनी बाजारातून पांढरे, जाळीचे झगे आणले होते. सगळे एकाच मापाचे, ढगळ. ते एकेका मुलीच्या अंगाबरोबर करून द्यायचं काम मी हौसेने मागून घेतलं. बाई सगळ्या आयांना सांगायच्या, "मास्टरजी फौज के हैं, इनका नाप कभी गलत नहीं होता." मला ते फार आवडायचं.

छावणीतल्या पद्धतीप्रमाणे मी टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचो आणि बायको वहीत लिहायची. नातीची पाळी आली. तिच्या आधीच्या मुली काडीसारख्या. मागे कुणीतरी खिदळलं. मी कमरेला टेप लावला आणि तिने पोट आत ओढून श्वास धरला.

मला ते दिसलं. नवे जवानही छाती फुगवून उभे राहायचे. मी विचारायचो, "गाव कुठलं रे तुझं?" तो बोलायला लागला की श्वास सुटायचा, मग मी टेप वाचायचो. नातीला मी काही विचारलं नाही. मागे रांग होती. मी आकडा सांगितला, बायकोने लिहिला.

शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे झगा सैल करायचा झाला तर ती उपयोगी पडते. पण पातळ कापडातून ती दिसते, म्हणून बाईंनी कापून टाकायला सांगितलं. मी सगळ्यांची कापली.

रंगीत तालमीला नातीच्या झग्याची चेन पाठीवर अर्ध्यात अडकली. सगळ्या आया बघत होत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाप सही था. लड़की मोटी हो गई है."

झग्याच्या दोन्ही कुशींना कापडाच्या पट्ट्या जोडल्या असत्या तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण पट्टी दिसली असती, आणि शिंप्याची चूक सगळ्यांना कळली असती. बाईंनी तिला तपकिरी झबलं घालून मागे झाड म्हणून उभं केलं. तिने दोन्ही प्रयोगांत हात वर धरून झाड केलं आणि नंतर तो वर्ग सोडला.

सूनबाईंनी तिचं तूप बंद केलं, पोळी अर्धी केली. रोज दुधी. मुलगा पाहुण्यांसमोर हसत सांगायचा, "बाबांच्या टेपने चोर पकडला बरं का!" पाहुणे हसायचे. मीही हसायचो. माझी बायको तेवढी हसायची नाही. एकदा ती म्हणाली, "तुम्ही तिला बोलतं का केलं नाहीत हो?" मी तिला गप्प केलं. पुढे ती वारली, तो प्रश्न तसाच राहिला.

नात आता गुडगावला नोकरी करते. घरी आली की सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी, ओट्यापाशी उभी राहून खाते. मागच्या रविवारी ती आली, तेव्हा मी ओट्यापाशी गेलो आणि त्या झग्याचा विषय काढला.

ती म्हणाली, "आजोबा, चीटिंग मी केली होती. श्वास धरला होता. इतकी वर्षं वाटायचं, मी तुम्हाला फसवलं आणि तुमचं नाव खराब झालं."

"मला कळलं होतं, बाळा."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, सगळे बघत होते. खरं कारण तेवढंच होतं. दुसरं असतं तर बरं झालं असतं.

"मलापण सगळे बघत होते," ती म्हणाली. मग नळाखाली हात धुतले. "मला सांगून आता काय फायदा? आईला सांगा. ती अजून माझ्या पोळ्या मोजते."

ती निघून गेली. सूनबाईंसमोर माझं तोंड उघडत नाही. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आलो. म्हणून हे लिहिलं. आज संध्याकाळी त्या कामावरून आल्या की कागद त्यांच्या हातात देणार आहे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.