मिटाएँ म्हणजे मिटा

साठी उलटली की काही बायकांना एक खास मूर्खपणा येतो. मला आला तेव्हा माझ्या हातात पाटीएवढा टॅबलेट होता, त्यावर मीच विणलेलं लोकरीचं आवरण होतं, आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात आपल्याइतकं शुद्ध मराठी कुणी बोलत नाही असा माझा ठाम समज होता. रावेरकडून सून होऊन आले होते आणि तीस वर्षं मराठी शाळेत पोरांची वाक्यं दुरुस्त केली होती. भाजीवाल्याचं व्याकरणसुद्धा मी सोडत नसे. तो मला दोन मिरच्या कमी घालायचा. बरोबरच करायचा.

ती वर्षं जोडाजोडीची होती. खसरा म्हणजे जमिनीचे उतारे, नकाशे, रेशनकार्ड, सगळं एकमेकांना जोडून यंत्रात भरायचं चाललं होतं. अशा वेळी आपण मागे राहून कसं चालेल, म्हणून मी निवृत्त बाईनं जवळच्या निंबोला गावच्या शाळेच्या ओसरीवर उन्हाळी सुटीत एक वर्ग काढला. मला कुणी विचारलं नव्हतं. सात बायका आल्या. फळ्यावर मी लिहिलं, ‘भ्रमणध्वनी : परिचय व उपयोग’, आणि खाली दोन रेघा मारल्या. मग व्याख्या सांगितली: हातात मावणारा व सोबत नेता येणारा संगणक. बायकांनी आपापले फोन मांडीवर ठेवून ती वहीत उतरवून घेतली. सोललेलं केळं हातात धरून केळ्यावर निबंध लिहावा, तसला प्रकार.

त्यातली एक केळीवाली होती. नवरा आजारी, मळा तीच बघायची. आठवड्यापूर्वीच्या वादळात तिची अर्धी बाग आडवी झाली होती, हिरव्या घडांसकट. पटवारी, म्हणजे तिकडचा तलाठी, येईपर्यंत झाडं कुजतील म्हणून तिनं ती कापून बांधावर टाकली, पण आधी शंभरेक फोटो काढून ठेवले. पंचनाम्याला दुसरा पुरावा नाही, असं ती धरून होती. कापलेली केळीची झाडं तर दर हंगामात बांधावर पडलेली असतात; ती वाऱ्यानं पाडली की कोयत्यानं, कोण सांगणार?

मला मात्र त्या फोटोंत दिसला तो छान नमुना. तिचा फोन वर्गात फिरवला, प्रकाश कुठून यावा वगैरे ज्ञान दिलं. मग आला त्या दिवसाचा शेवटचा धडा: काम झाल्यावर फोटो नीट मिटून कसे ठेवावेत.

आता हे सांगायला हवं की सगळ्यांचे फोन हिंदीत होते आणि त्यात एक बटण होतं, ‘मिटाएँ’. आपण पुस्तक मिटतो, छत्री मिटतो, डोळे मिटतो. माझ्या मते ते बटण तसंच होतं. मी स्वतः रोज रात्री जास्वंदीचे फोटो मिटून झोपायचे. सकाळी ते दिसत नसत. मला वाटे, ट्रंकेत गोधड्या जातात तसे तळाशी गेले असतील. शिवाय बटण दाबलं की यंत्र विचारायचं, आपल्याला खरंच मिटायचं आहे का? मी बायकांना म्हटलं, बघा, यंत्र असून किती विनय आहे.

केळीवालीनं हात वर केला. “बाई, मिटाना म्हंजे पुसनं ना?”

“हिंदीत असेल,” मी म्हटलं. “आपण इथे मराठीत शिकतो आहोत.”

बाकीच्या हसल्या. ती ओशाळली. मग मी सांगितल्याप्रमाणे तिनं आधी सगळे फोटो निवडले आणि मग मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी होती. फोन पुढे धरून म्हणाली, “बाई, माझी झाडं पुन्हा पडली.”

ओरडली असती तर मी तिच्या उच्चारांच्या चुका काढल्या असत्या, इतकी मी दुष्ट होते. ती ओरडली नाही. पटवारी आजच येणार आहे एवढंच म्हणाली. मी माझ्या सुनेला विचारलं, फोटो परत येतात का. सुनेनं फोन उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं व्याकरण अगदी शुद्ध होतं.

मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर मळ्यात गेले. पटवारी उज्जैनकडचा, मराठीचा शब्द न कळणारा. त्याच्या हातातही पाटीएवढंच यंत्र. बांधावरचा ढीग पाहून तो म्हणाला, असे ढीग सगळ्यांकडे आहेत. मी म्हटलं, मी पाहिले आहेत फोटो, कच्च्या घडांसकट. त्यानं विचारलं, “तो फोटो गए कहाँ?”

आठ-दहा माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मला सगळं हिंदीत सांगावं लागलं: बटण, छत्री, जास्वंद, गोधड्यांची ट्रंक. “मैंने मिटवाए,” मी म्हटलं. वाक्य शुद्ध निघालं, तेच वाईट वाटलं. पटवारी इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. हसून झाल्यावर तो उठला, मळ्यात राहिलेले, मुळासकट उपटलेले केळीचे गड्डे वाकून पाहिले, सगळे एकाच दिशेला कलंडलेले होते, त्यांचे फोटो घेतले आणि म्हणाला, इतकं लाजिरवाणं खोटं कुणी रचत नाही. साक्षीदार म्हणून मलाच घेतलं.

सही काचेवर बोटानं करायची होती. माझी सही मेलेल्या झुरळासारखी उमटली. तो म्हणाला, बिघडली, मिटा दीजिए. खाली तेच बटण. माझं बोट हवेत थांबलं. मी केळीवालीकडे पाहिलं.

“मिटा, बाई,” ती म्हणाली. “ह्या टायमाला बरोबर आहे.”

मिटवली. दुसरी सही मात्र मी मराठीतच केली, ताठ मानेनं, जणू हिंदीत ती वेगळी दिसली असती.