लाल डब्यातला सेल

भंगारातल्या लॅपटॉप-बॅटरीतून काढलेल्या प्रत्येक सेलची माझ्या वहीत नोंद असते. आणला तेव्हा किती व्होल्ट, चार्ज करून आठ दिवस ठेवल्यावर किती. दोन व्होल्टच्या खाली सापडला तर तो चार्ज करताना पेटू शकतो, म्हणून त्याच्यावर काट मारायची आणि लाल डब्यात टाकायचा. चार्जिंग गॅलरीत, लोखंडी ट्रेमध्ये, शेजारी वाळूची बादली, आणि मी घरी असेन तरच. हे सगळं मी गॅलरीच्या दारावर लिहून चिकटवलं होतं.

सुरुवात हौसेने झाली, पण या वेळी सेल जोडून बनवत होते तो पॅक सासूबाईंसाठी होता. त्यांना दम्यासाठी दिवसातून तीनदा नेब्युलायझर लागतो आणि चाकणला आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. फक्त एक सेल कमी पडत होता.

त्या बुधवारी कंपनीच्या स्टोअरमधली पहिली शिफ्ट करून साडेतीनला घरी आले तर घरात नेलपॉलिशसारखा वास, सेल गळल्याचा. ट्रे सासूबाईंच्या खाटेखाली, चार्जर चालू, आणि त्यात काट मारलेला सेल. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"भावोजी, आधी आईंना बाहेर न्या!"

दीर तिसऱ्या शिफ्टला असल्याने दिवसा घरी होते. त्यांनी आईंना उचललं. मी सांडशीने ट्रे गॅलरीत ओढला आणि सेलवर वाळू ओतली. तेवढ्यात तो फुसफुसला, वाळूतून पांढरा धूर आला. मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"चार्जर घेतच नव्हता त्याला," दीर म्हणाले. "मग भरलेल्या सेलची वायर लावून धक्का दिला. लगेच उठला की राव!"

"दारावर काय लिहिलंय?"

"वहिनी, तुमच्या स्टोअरवाल्यांचं हेच. नुसत्या याद्या. आमच्या मेंटेनन्सला सेन्सर अडला की जंपर टाकायचा, वायरने त्याला वगळायचं, लाइन थांबवायची नाही."

"आणि खाटेखाली का ठेवलात?"

"गॅलरीत ऊन होतं. तापला असता ना."

मला त्यांना बदडावंसं वाटलं. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. नव्या सेन्सरची मागणी आमच्या स्टोअरमध्ये महिनोन् महिने पडून असते आणि जंपरची वायर मागितली की मी सही घेऊन पाच मिनिटांत देते. गेली बारा वर्षं देतेय. चालू राहिलं की झालं, हे त्यांना शिकवण्यात माझाही हात होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मला सुट्टी होती. नऊला लाइट गेली. पॅक त्या एका सेलवाचून अपुराच होता. अकराला सासूबाईंचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. लिफ्ट बंद. दवाखान्यात न्यायला दिरांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि चार मजले उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर टेकले, घामाने डबडबलेले.

"वहिनी, बोला की काहीतरी."

मी रिक्षावाल्याला फोन लावत होते. त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "थांबू नका. चला."